वाद्याचे नाव : पुढचे चाक

भिंतीत खुंटी ठोकता येणं आणि त्या खुंटीवर सायकल टांगता येणं या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. मला पहिली येते. दुसरी येत नाही हे कळायला जेमतेम वीस मिनिटं लागली, आणि सायकल माझी नसून बायकोची होती. खुंटी गॅलरीच्या भिंतीतून प्लास्टरसकट निघाली, सायकल पुढच्या चाकावर आपटली आणि चाकाचा आठ झाला. तो सरळ व्हावा म्हणून मी चाक आडवं ठेवून त्यावर उभा राहिलो. त्यानंतर त्याचा जो आकार झाला त्याला आकड्यांत जागा नाही.

बायको परिचारिका आहे. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं हे तिचं काम. टेकडीवरचा भाग मिळावा म्हणून ती तीन वर्षं अर्ज करत होती आणि तो तिला पुढच्या सोमवारच्या पुढच्या सोमवारपासून मिळणार होता. तिथे वर बस जात नाही. येताना सलग दीड किलोमीटर उतार आहे, म्हणून तिने मुद्दाम डिस्क ब्रेकची सायकल घेतली होती. सायकल नसेल तर तो भाग दुसऱ्या बाईंना जाणार होता आणि त्या बाई तयारच बसल्या होत्या. तिने चाक पाहिलं, मला पाहिलं आणि किती दिवस लागतील एवढंच विचारलं. तिने ओरडायला हवं होतं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं, दिवस विचारणाऱ्याला तारीख द्यावी लागते.

सायकलवाल्याने निदान केलं : रिम बाद, तारा बाद, मधला हब आणि त्याच्यावरची डिस्क शाबूत. चाक नव्याने बांधावं लागेल. त्याच्याकडे आधीची चौदा चाकं पडून होती, म्हणजे तीन आठवडे. यावर मी म्हणालो की बत्तीस तारा तर भरायच्या, त्यात काय एवढं, मीच बांधतो. हे मी का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. दुकानात चार गिऱ्हाईकं होती आणि बायको होती, एवढंच कारण असावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सायकलवाला हसलाही नाही. त्याने नवी रिम, तारांचे दोन जुडगे, तारांची टोकं रिमला आवळणाऱ्या निपलांची पुडी आणि निपल फिरवायची छोटी चावी माझ्यासमोर ठेवली.

"बांधा साहेब," तो म्हणाला. "पण अर्धवट बांधून माझ्याकडे आणू नका. दुसऱ्याने बिघडवलेलं चाक मी हातात घेत नाही."

त्यापुढे त्याने तारांबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगितलं, पण मी त्या वेळी चेहऱ्यावर आत्मविश्वास टिकवण्यात गुंतलो होतो. मी अभिलेख विभागात सव्वीस वर्षं काढली आहेत. एकाच विषयाचे कागद दोन ठिकाणी दिसले की माझा जीव कासावीस होतो. घरी आल्याआल्या मी दोन्ही जुडगे सोडले, तारा पुसल्या, एकत्र केल्या आणि त्यांना एकच रबरबँड लावून वर 'तारा, ३२ नग' अशी चिठ्ठी चिकटवली. सायकलवाल्याने जे सांगितलं होतं ते मला चिठ्ठी चिकटवल्यावर आठवलं, ते हे की डाव्या बाजूच्या तारा उजवीपेक्षा दोन मिलिमीटर आखूड असतात आणि जुडगे मिसळू देऊ नका.

पट्टी घेऊन मी एकेक तार मोजायला बसलो. तासाभरात माझ्याकडे तेरा आखूड, अकरा लांब आणि आठ मतभेद असलेल्या तारा जमल्या. बायको कामावरून आली, तिने सगळ्या तारा उचलून एका उभ्या डब्यात ठेवल्या, डबा टेबलावर दोनदा आपटला आणि वर तळवा फिरवून उंच तारा वेचून काढल्या. सोळा आणि सोळा. ती चहा ठेवायला गेली. मी चिठ्ठी फाडली.

याच सुमारास तळमजल्यावरचे पूलवाले वर आले. हे गृहस्थ निवृत्त अभियंता असून त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, किंवा निदान पुलांविषयी बोलले. त्यांनी चष्मा वर करून सल्ला दिला की तारा एकमेकींवरून आडव्या नेण्याचा जुनाट प्रकार मी करू नये. मधून निघावं, सरळ रिमला पोचावं. जो भार सरळ जातो तो सुखाने जातो, हे त्यांचं वाक्य मी लिहूनही घेतलं. शिवाय सरळ भरायला सोपं होतं, हेही मला मान्य केलं पाहिजे. तारा जरा लांब पडत होत्या, निपलाबाहेर टोकं येत होती, पण पूलवाले म्हणाले की जास्त असलेलं बरं, कमी असलेलं वाईट. रात्रीच्या जेवणाआधी चाक उभं राहिलं. इतकं देखणं दिसत होतं की मी त्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. चौदा अंगठे आले. त्याच भरात तो सायकलवाल्यालाही पाठवला.

त्याचा फोन दोन मिनिटांत आला. वहिनी यावर बसणार आहेत का, हे त्याने आधी विचारलं. मग त्याने मला समजेल अशा भाषेत सांगितलं. जुना रबराचा ब्रेक रिमला धरायचा, तेव्हा तारांवर मोठी जबाबदारी नव्हती. डिस्क ब्रेक चाकाच्या पोटात धरतो. हब थांबतो, पण रिमला रस्ता पुढे ढकलत असतो. तिला मागे ओढून धरायचं काम तारांनी करायचं. सरळ उभी तार ओढणार कशी? हब आतल्या आत गरकन वळेल आणि तारा तुटतील, तेही उतारावर. म्हणून तार तिरकी निघाली पाहिजे, तीन तारांना ओलांडून गेली पाहिजे आणि तिसरीला खेटून गेली पाहिजे.

उतारावर, हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. इतका वेळ मी माझी अब्रू बांधत होतो. त्यावर कुणीतरी बसणार आहे हे मला चौदा अंगठ्यांच्या गर्दीत दिसलंच नव्हतं. मी सगळ्या तारा काढल्या. पूलवाल्यांनी खाली जाताना जिन्यात सांगितलं की पुलाला ब्रेक नसतो, त्यामुळे हा मुद्दा त्यांच्यासमोर कधी आला नव्हता.

तिरक्या तारा भरायला तीन संध्याकाळी गेल्या. एकीला ओलांडायचं, दुसरीला ओलांडायचं, तिसरीच्या खालून जायचं. माझी नेहमी तिसरीला चूक व्हायची आणि कळायची चोविसाव्या तारेला. बायको रोज येऊन विचारायची नाही, आणि ते न विचारणं मला ऐकू यायचं. अखेर बुधवारी बत्तीसही तारा आपापल्या जागी बसल्या. मी निपलं थोडी आवळली आणि सहज एक तार बोटाने छेडून पाहिली. मग शेजारची.

आतल्या खोलीचं दार उघडलं.

आमच्याकडे सासरे राहतात. चाळीस वर्षं त्यांनी पियानो जुळवले : शाळांचे, सभागृहांचे, दोन हॉटेलांचे. आठ महिन्यांपूर्वी संगीतशाळेचं पत्र आलं की यापुढे हे काम यंत्रावर होईल. खाली कुणीतरी चांगुलपणाने हाताने लिहिलं होतं की या वयात कानांनाही विश्रांती हवीच. त्या एका ओळीने म्हातारा खचला. रेडिओ बंद झाला. जेवायला बोलावलं तर दुसऱ्या हाकेला यायचे, पहिली खरंच ऐकू आली की नाही याची खात्री नसल्यासारखे.

ते माझ्यामागे उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, दुसरी फार खाली आहे."

मी परत छेडली. खरंच खाली होती. त्यांनी माझ्या हातातून चावी घेतली, अर्धा वळसा दिला, छेडली, पाव वळसा दिला, छेडली. मग कपाटावरून त्यांची अवजारांची कातडी पेटी खाली आली. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा खाली आली होती. स्वयंपाकघराच्या दारात बायको हातातलं भांडं तसंच धरून उभी होती. तिने मला खूण केली की काही बोलू नकोस. मी बोलत नव्हतोच.

सासऱ्यांनी स्टूल उलटं केलं, त्याच्या पायांवर चाकाचा आस टेकवला, एका पायाला पेन्सिल बांधली. चाक फिरवलं की पेन्सिल रिमला कुठे लागते ते दिसायचं. म्हणजे चाकाचा आऊट, त्याचा वाकडेपणा, तिथे. पण त्यांना पेन्सिलीची गरज नव्हती. ज्या तारेचा सूर वेगळा तिथेच आऊट असायचा. पियानोच्या पट्ट्यांना त्यांच्याकडे वेगळी नावं होती, मला समजावं म्हणून ते सा आणि रे म्हणायचे. प्रत्येक तार सा लावायची, असं ठरलं. नमुना म्हणून त्यांनी सायकलचं कारखान्यातून आलेलं मागचं चाकही छेडून पाहिलं, तर डावीकडे एक सूर आणि उजवीकडे भलताच. कारखान्यात कानाचं माणूस ठेवत नाहीत, असं म्हणून त्यांनी मागच्या चाकाचा विषय संपवला.

गुरुवारी समितीचे सचिव आले. आमच्या इमारतीत वाद्य वाजवायची वेळ संध्याकाळी चार ते सात आहे आणि आमच्याकडून सकाळी साडेनऊपासून टण् टण् असा आवाज येत असल्याची नोंद त्यांनी वहीत केली होती. मी त्यांना चाक दाखवलं. ते म्हणाले, हे वाद्य नसेल तर मग ही यंत्रदुरुस्ती झाली, आणि यंत्रदुरुस्तीला घरात मुळीच परवानगी नाही. मी तत्काळ ते वाद्य असल्याचं कबूल केलं. तरी एक अर्ज होताच. मी सव्वीस वर्षं लोकांकडून अर्ज भरून घेतो, पण 'वाद्याचे नाव' या रकान्यात 'पुढचे चाक' लिहिताना माझा हात जड झाला. प्रकार : तंतुवाद्य. वादकाचा अनुभव या रकान्यापाशी मी अडलो, तेव्हा सासऱ्यांनी पेन ओढून घेऊन 'चाळीस वर्षे' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. सचिवांनी शिक्का मारला.

मग चार ते सात. चारच्या ठोक्याला सासरे दाढी करून, धुतलेला सदरा घालून स्टुलापुढे बसलेले असत. मी सहाला घरी यायचो आणि रिम धरायच्या कामावर रुजू व्हायचो. पूलवाले खुर्ची घेऊन यायचे. शनिवारी पावणेसातला सासऱ्यांनी चाक हळू फिरवलं आणि नखाने बत्तीस तारा एका दमात छेडल्या. एकच सूर वाहत गेला, कुठे खड्डा नाही. पेन्सिल रिमला एकदाही लागली नाही. रात्री जेवताना सासऱ्यांनी आपणहून मीठ मागितलं, आणि नंतर रेडिओ लावला.

रविवारी सकाळी ते केस कापायला गेले तेव्हा मी टायर चढवून चाक सायकलच्या चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांत, बसवलं. ते बसलं, पण फिरेना. टायर चिमट्याच्या उजव्या पायाला टेकलं होतं. डावीकडे बोट जाईल इतकी फट, उजवीकडे कागद जाणार नाही. मी काढून पुन्हा बसवलं. दुसऱ्यांदा घासण्याचा आवाज जास्त स्पष्ट आला, एवढाच फरक.

मी सायकलवाल्याला फोन केला. सुट्टीच्या दिवशी तो किती वेळ हसला ते मी मोजलं नाही. डिस्कला जागा द्यायची म्हणून हबची डावी कड आत सरकवलेली असते, तो म्हणाला. त्यामुळे चाक समोरून पाहिलं तर डावीकडच्या तारा उभ्या जातात, उजवीकडच्या तिरक्या. तिरकी तार थोड्या ताणातच रिम बाजूला खेचते. दोन्हीकडे सारखा ताण दिलात तर चाक उजवीकडे जाणारच. डावी जास्त ताणा, उजवी सैल करा, चाक मध्ये येईल. मागच्या चाकाला हेच, फक्त उलट. मला कारखान्यातला तो बिनकानाचा माणूस आठवला आणि त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

आता हे म्हाताऱ्याला सांगायचं कसं? काल त्याने मीठ मागितलं होतं. बायकोला उद्या सकाळी सातला निघायचं होतं. मी मधला मार्ग काढला, म्हणजे भित्रा मार्ग. टायर उतरवून चाक परत स्टुलावर ठेवलं. उजवीकडची सोळा निपलं पाव वळसा सैल, डावीकडची सोळा पाव वळसा घट्ट. चिमट्यात लावून बघितलं. पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीत दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या झाल्या. मी चाक स्टुलावर जसंच्या तसं ठेवलं, हात धुतले आणि वर्तमानपत्र उघडलं. मूग गिळून बसायला एवढी चांगली आडोशाची दुसरी वस्तू नाही.

सासरे आले. जाता जाता, आपल्या माणसाच्या पाठीवर थाप मारावी तशी त्यांनी एक तार छेडली. थांबले. पलीकडची छेडली. मग सगळ्या, एकेक करून, अगदी सावकाश. वर्तमानपत्राच्या वरून मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते स्टुलाशेजारी खाली बसले.

"काल हे सगळं एक ऐकू येत होतं मला," ते म्हणाले. "आज दोन सूर येतायत. म्हणजे त्यांनी पत्रात लिहिलं होतं ते बरोबर होतं."

चाक घासत असतं तर उद्या फार तर टेकडी हातची गेली असती. इथे मी माणसाचे कान काढून घेत होतो, तेही त्याला वाईट वाटू नये म्हणून. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कान ठीक आहेत, बाबा. सूर मी बदललेत. तुम्ही बाहेर असताना."

मग सगळं सांगितलं, चिमटा, फट, हबची आत गेलेली कड, आणि सांगायची भीती वाटली तेही. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त, मी कुठल्या बाजूला किती फिरवलं ते विचारलं. मी म्हणालो, सारखं, तीन वेळा पाव. त्यांनी डोळे मिटले आणि उजवी तार छेडली, मग डावी. परत उजवी, परत डावी. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"उजवीकडे सा," ते म्हणाले. "डावीकडे ग. अरे, छान लागलंय हे. तुम्हाला कळलं नसणार, पण लागलंय." मग एकदम भुवया आवळून, "ही सोडून. ही ग नाही, ही नुसती ओरडतेय."

मी त्या तारेपाशी पेन्सिल सरकवली. नेमकी तिथेच रिम पेन्सिलीला लागत होती. पाव वळसा सैल, आणि लागायची थांबली. चारपर्यंत ते स्वतःला कसेबसे थोपवून होते. चार ते सात त्यांनी सगळं चाक नव्याने लावलं, उजवीकडे सोळा सा, डावीकडे सोळा ग, आणि मग मागच्या चाकापाशी जाऊन त्याचीही पुन्हा चौकशी केली. कारखान्यात कुणीतरी कानाचं आहे, असं त्यांनी मान्य केलं.

सातनंतर अंगणात ब्रेक तपासला. हे काम मी स्वतःकडे घेतलं, कारण जे मोडायचं ते माझ्याखाली मोडावं असं मला मनापासून वाटत होतं. गॅलरीत बायको, सासरे, पूलवाले, आणि खाली अंगणातल्या आपल्या कुंड्यांना पाणी घालत असलेले सचिव. मी जोरात आलो आणि जोरात ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं, बत्तीसही तारा शाबूत. मी मात्र थांबलो नाही. सचिवांच्या तिसऱ्या कुंडीत बसल्याबसल्या मी वर पाहिलं, तर कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. सगळे चाकाकडे पाहत होते.

सोमवारी बायको सातला गेली. मी ऑफिसात दिवसभर एकाच फायलीची पानं मोजली आणि दर वेळी वेगळा आकडा आला. घरी आलो तर सासरे गॅलरीत उभे होते. पाचपासून आहेत, असं पूलवाल्यांनी खालूनच सांगितलं. सात वाजले. सात वाजून पाच मिनिटांनी ती फाटकातून आत वळली. सायकल घेऊन ती वर आली, घामाने भिजलेली, आणि म्हणाली की उतारावर दोनदा ब्रेक कचकन दाबावा लागला, एकदा कुत्र्यासाठी. सायकल थांबली. वरच्या आजीबाईंच्या पायाची जखम भरत आलीय. भूक लागलीय. एवढं सांगून ती आत गेली, आणि दारातून वळून बापाला म्हणाली, "पहिल्या वळणावर तारा टिकटिकल्या हं, बाबा. मग गप्प झाल्या."

नव्या तारा बसतात, ते म्हणाले, पहिल्या दिवशी उतरायच्याच. आणि तिथेच खाली बसून चावी काढून छेडायला लागले. सा जरा खाली आला होता.

दारावरची बेल वाजली. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी दार उघडलं तर समोर सचिव. आता वही निघणार म्हणून मी शब्द जुळवायला लागलो. पण त्यांच्या एका हातात वही नव्हती आणि दुसऱ्या हातात त्यांच्या स्वतःच्या सायकलचं मागचं चाक होतं. त्यातून काहीतरी कुरकुरतं, त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, तर जरा ऐकून बघाल का.

सासऱ्यांनी मान वर केली नाही. हातातली तार पुरी लावून झाल्यावर त्यांनी चावी पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं.

"उद्या आणा," ते म्हणाले. "चारनंतर. आणि अर्ज भरून."